चाकांवरचें घर आणि कृष्णाकांठची वीज

महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली अशा एकाहून एक पवित्र व रमणीय स्थानांस भेट देत पुढें जाते. या कांठचे घाट, वाडे व देवालयें यांचीं वर्णनें आजवर पुष्कळांनीं लिहिलीं आहेत, आणि आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचें तर कुलदैवत किंवा आजोळच या मुलुखांत आहे. तेव्हां त्यांस घाटांच्या पायऱ्या मोजून दाखविण्यांत अर्थ नाहीं. गेल्या भाद्रपदांत सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतून आम्हीं पांच दिवस जो प्रवास केला, त्यांत या प्रदेशाची एक निराळीच बाजू नजरेस आली. ती बाजू विजेची. चाकांवरच्या घरांत राहून हा प्रवास केल्यामुळें वीज कोठून येते, कशी येते व कां येईनाशी होते, या प्रश्नांशीं आमची दोन वेळां गांठ पडली. त्या दोन प्रसंगांत जें कळलें तें प्रवासास निघणाऱ्या, किंबहुना घरीं बसणाऱ्याही, कुटुंबांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम या घराविषयीं दोन शब्द. निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेलें घर चाकांवर बसवून फिरण्याची चाल पाश्चात्य देशांत जुनी आहे. आपल्याकडे ती अलीकडे रुजूं लागली असून महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं या प्रकारच्या प्रवासासाठीं स्वतंत्र धोरणही मंजूर केलें. आम्हीं भाड्यानें घेतलेलें घर मोटारीच्या मागें जोडून ओढीत न्यावयाचें होतें. बरोबर आमचे चुलते नाना, काकू, सौभाग्यवती व कन्या अशीं मंडळी होतीं. नानांस हॉटेलांत उतरणें रुचत नाहीं; स्वतःची शय्या, स्वतःचें भांडें व काकूंच्या हातची आमटी असली म्हणजे ते कोठेंही सुखानें राहतात. म्हणून हा बेत. परंतु नानांस झोपेंत श्वास अडकण्याचा विकार आहे. रात्रीं नाकावर मुखवटा चढवून, हवेचा दाब देणारें एक लहान यंत्र चालू ठेवूनच त्यांस निजावें लागतें, आणि तें यंत्र विजेवर चालतें. प्लग पॉइंटांत वीज असणें ही आमच्या दृष्टीनें केवळ चैनीची बाब नव्हती, हें येथेंच सांगून ठेवलें पाहिजे.

अशा घरांत दोन निरनिराळ्या विजा नांदत असतात. एक बारा व्होल्टांची, आंतल्या बॅटरीची. छतांतले दिवे, पाण्याचा लहान पंप व पंखा तिजवर चालतात. दुसरी आपल्या घरोघरचीच, दोनशें तीस व्होल्टांची. ती मुक्कामाच्या ठिकाणीं जाड दोरीसारख्या केबलनें बाहेरून आणावी लागते, आणि भिंतींतले प्लग पॉइंट तिच्यावर असतात. पहिली चालू असली म्हणजे दुसरीही आहे असा भास होतो. बहुतेक घोंटाळ्याचें मूळ येथेंच आहे.

पहिला मुक्काम वाईजवळ होता. खंबाटकीच्या घाटांत पावसाची जोराची सर आली व वाईस पोंचेपर्यंत थांबलीही. ढोल्या गणपतीचें दर्शन घेऊन आम्हीं मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा व त्यामागचा घाट पाहिला. तेथील मोठी घंटा वसईच्या १७३९ सालच्या मोहिमेंतून आली असें सांगतात. शाळेच्या इतिहासांत वसई व मेणवली हीं नांवें दूरदूरच्या प्रकरणांत वाचलेलीं असतात. त्या घंटेखालीं उभें राहिलें म्हणजे तीं एका क्षणांत जवळ येतात. वाईनें एरव्हींही मोठीं कामें निमूटपणें केलीं आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचें प्रचंड कार्य याच लहानशा गांवीं बसून चालविलें.

सायंकाळीं धोमच्या जलाशयाच्या बाजूस एका खाजगी विश्रामस्थानाच्या आवारांत घर उभें केलें व केबल जोडली. दिवे लागले. काकूंनीं वरण-भाताची तयारी केली. नऊच्या सुमारास नानांचें यंत्र जोडून पाहतों तों तें हूं कीं चूं करीना. दुसरा पॉइंट पाहिला, तिसरा पाहिला, सर्व निर्जीव. डोक्यावर दिवे मात्र लखलखीत होते! नानांनीं आपली चिंता बोलून दाखविली नाहीं. "एक रात्र बसून काढूं," एवढेंच ते म्हणाले. पण ते असें म्हणतात तेव्हां काकूंचा चेहरा कसा होतो तें आम्हांस ठाऊक आहे.

आवारांतला एक उत्साही तरुण मदतीस धांवला. त्यानें आमच्या घरांतील खटक्यांची पेटी उघडली व एक रुंद खटका खालीं पडलेला दाखविला. तो वर केला कीं क्षणांत पुन्हां पडे. तेव्हां तो म्हणाला, "काका, हा खटकाच बाद झालाय. थेट जोडून देतों, दोन मिनिटांचं काम." सूचना मोहक होती; रात्र वाढत होती. परंतु जें कशासाठीं बसविलें आहे तें माहीत नाहीं तें काढून टाकूं नये, हा नानांचा जुना नियम. त्यांनीं मान हलविली, आणि वाईहून वायरमनास बोलावणें धाडलें.

वायरमन आले ते पन्नाशीचे, शांत गृहस्थ. पिशवींत एक टेस्टर, एक पक्कड व दोन तारा लावलेला एक साधा दिवा, एवढेंच साहित्य. पेटीकडे पाहण्यापूर्वीं ते विश्रामस्थानाच्या भिंतीकडे गेले व जेथून आमची केबल निघाली होती त्याच ठिकाणीं दिवा लावून पाहिला. तो लागला. "आधीं घरधन्याकडं वीज हाय का बघायचं, मग पाव्हण्याला इचारायचं," असें ते म्हणाले. मग त्यांनीं केबलचें वेटोळें सगळें उलगडावयास लावलें. गुंडाळलेल्या केबलमधून मोठा प्रवाह गेला तर ती आंतल्याआंत तापते, हें आम्हांस तेव्हां कळलें. प्लगाच्या पिना काळवंडल्या आहेत काय, केबल कोठें चेपली आहे काय, हें पाहून मगच ते आंत आले.

तो रुंद खटका म्हणजे आर.सी.सी.बी.; जुने वायरमन त्यास ई.एल.सी.बी. म्हणतात. त्याचें काम साध्या एम.सी.बी.हून निराळें आहे. एम.सी.बी. भार अतिशय झाला किंवा तारा एकमेकींस भिडल्या तर पडतो. हा रुंद खटका मात्र गेलेली वीज व परत आलेली वीज यांचा सतत हिशेब ठेवतो. परतीच्या विजेंत तूट आली म्हणजे ती वाटेंत कोठें तरी गळत आहे, कदाचित् एखाद्या माणसाच्या अंगांतून जमिनींत जात आहे, असें समजून तो वीज तोडतो. घरगुती खटका तीस मिलिअँपिअर तूट येण्यापूर्वींच पडेल असा बनविलेला असतो. चाळीस वॅटचा दिवा जेवढा प्रवाह घेतो, त्याच्या सुमारें सहाव्या हिश्श्याइतकी ही तूट! एवढ्यावर ज्याचें लक्ष आहे, त्याला त्या तरुणानें बाद ठरविलें होतें.

वायरमनांनीं घरांतील सर्व उपकरणें सॉकेटांतून काढावयास सांगितलीं. खटका तरीही पडला. म्हणजे दोष उपकरणांत नव्हता. मग सर्व लहान एम.सी.बी. खालीं करून रुंद खटका वर केला. तो राहिला. आतां एकेक एम.सी.बी. वर करूं लागले. पहिला राहिला, दुसरा राहिला. तिसरा वर करतांच रुंद खटका धाडकन् पडला. तिसऱ्यावर काय आहे हें शोधतां घराच्या बाहेरच्या अंगास, तंबूंतला दिवा लावण्यासाठीं ठेवलेला एक प्लग पॉइंट निघाला. त्याच्या झांकणाचें रबर फाटलेलें होतें आणि खंबाटकीच्या सरीचें पाणी आंत सांचलें होतें. त्यांनीं बाहेरची केबल काढली, घरांतला इन्व्हर्टरही बंद केला, मगच तें सॉकेट उघडून पुसलें आणि त्याच्या तारा सोडवून, टोंकें चिकटपट्टीनें बंद करून ठेवलीं. बाकीचे सारे पॉइंट जिवंत झाले.

आम्हीं समाधानाचा सुस्कारा टाकला, वायरमनांनीं नाहीं. त्यांनीं आपल्या दिव्याची एक तार भिंतीवरच्या सॉकेटाच्या फेजमध्यें व दुसरी अर्थिंगच्या मोठ्या भोंकांत धरली. दिवा लागला नाहीं. म्हणजे त्या सॉकेटास अर्थिंगचें भोंक होतें, पण त्यामागें जमिनीशीं संबंध नव्हता. "ताई," ते कन्येस म्हणाले, "तुमचं घर रबरी चाकांवर उभं हाय. जमिनीला त्याचा हात लागतच न्हाई. आंत तार कुठं उघडी पडली तर समदा पत्रा जिता हुईल, आन् खालीं ओल्या गवतावर उभं राहून दाराला हात लावणारा माणूस वीज जमिनींत न्यायची वाट बनंल." आपल्या तीन पिनांच्या प्लगाची वरची पीन इतरांहून जाड व लांब कां असते, याचेंही उत्तर त्याबरोबर मिळालें: वीज आंत येण्यापूर्वीं अर्थिंग जुळावें व बाहेर पडतांना तें सर्वांत शेवटीं सुटावें, एवढ्यासाठीं. शेवटीं पाण्याच्या पंपाच्या खोलींत चांगलें अर्थिंग असलेला पॉइंट सांपडला. तेथून केबल घेतली. साडेदहा वाजतां नाना निजले, आणि त्यांच्या यंत्राचा मंद आवाज ऐकत आम्हींही.

दुसऱ्या दिवशीं साताऱ्यास अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यावरून जाऊन सज्जनगडीं समर्थांच्या समाधीचें दर्शन घेतलें व पुढें ठोसेघरच्या वाटेनें चाळकेवाडीच्या पठारावर चढलों. भाद्रपदांतलें तें पठार म्हणजे हिरवळ, धुकें व वारा यांचें राज्य. त्या वाऱ्यांत शेंकडों पवनचक्क्या आपले लांब हात फिरवीत उभ्या आहेत. नाना बराच वेळ त्यांकडे पाहत होते. "एवढी वीज येथें जन्मते, आणि आपल्या घरीं येतांना एका फाटक्या रबरावर अडते!" असें ते हंसून म्हणाले.

नानांचें हें बोलणें कऱ्हाडास प्रीतिसंगमावर पुन्हां आठवलें. कृष्णा व कोयना तेथें समोरासमोर येऊन भेटतात. कांठावर यशवंतराव चव्हाणांची समाधि आहे. कोयनेच्या त्या पाण्याकडे पाहतांना ध्यानांत येतें कीं, या नदीचें पुष्कळसें पाणी संगमापर्यंत येतच नाहीं. पाटण तालुक्यांत तिला धरणानें अडवून, सह्याद्रीच्या पोटांतल्या बोगद्यांतून पश्चिमेस वळविलें आहे. पूर्वेकडे जाणारें पाणी कोंकणांत कोसळतें व त्या कोसळण्यांतून वीज निर्माण होते. १९६२ सालीं येथें वीजनिर्मितीस आरंभ झाला. आज या प्रकल्पाच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानें कोयनानगर उद्ध्वस्त केलें, दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं, धरणासही तडे गेले. पण धरण उभें राहिलें व पुढें अधिक बळकट करण्यांत आलें. महाराष्ट्राच्या कारखान्यांचीं चाकें ज्या पाण्यानें फिरविलीं, तें पाणी ज्यांच्या शेतांवर व घरांवर चढलें त्यांचें ऋण आपण दिव्याचें बटण दाबतांना सहसा आठवीत नाहीं.

कऱ्हाडहून सांगलीकडे जातांना किर्लोस्करवाडी लागते. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं ही वसाहत बसविली. लोखंडी नांगर शेतकऱ्यास पटवून देण्याच्या त्या दिवसांपासून या भागांत यंत्रास हात लावण्याचें भय कमी झालें असावें. येथेंच १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' निघाली. पुढें तिचें 'किर्लोस्कर' मासिक झालें व तें मध्यमवर्गीय मराठी घरांत पोंचलें. ज्या आवारांत ओतीव लोखंडाचें काम चालावें त्याच आवारांत मासिकें छापलीं जावीं, हा योग आमच्या नानांस फार भावला. औदुंबरास दत्तपादुकांचें दर्शन घेऊन तिसऱ्या दिवशीं आम्ही सांगलीस पोंचलों.

सांगलीच्या गणपतीविषयीं किंवा १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं येथें केलेल्या 'सीतास्वयंवरा'विषयीं लिहिणें नको. तें सर्वांस ठाऊक आहे. मुक्काम हरिपुराच्या बाजूस होता. कृष्णा व वारणा यांच्या संगमावरचें हें गांव नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचें जन्मस्थान. तेथें संगमेश्वरापुढच्या घाटावर संध्याकाळ घालवून परत येतों तों पुन्हां तोच प्रकार. मात्र या वेळीं उजवीकडचे पॉइंट चालू, डावीकडचे चारही बंद. आणि खटके सगळे जागच्या जागीं. नानांचें यंत्र उजवीकडे लावून त्यांची सोय झाली. पण डावीकडे काय बिघडलें आहे तें कळल्याशिवाय झोंप येण्यासारखी नव्हती.

सकाळीं सांगलीहून वायरमन आले. हे तरुण होते. कन्येनें त्यांस आपण पाहिलेला चमत्कार सांगितला: डावीकडच्या पॉइंटांत टेस्टर घातला तर तो लागत होता, तरी मोबाइलचा चार्जर चालत नव्हता. वीज आहे आणि नाहींही! वायरमन म्हणाले, "ताई, टेस्टर फक्त येणारी वीज सांगतो, जाणारी नाही." त्यांनीं एका पॉइंटास टेबलावरचा दिवा लावून बटण चालू ठेवलें व शेजारच्या पॉइंटांत टेस्टर घातला. आतां तो दोन्ही भोंकांत लागला. फेज दिव्यापर्यंत जाई, दिव्यांतून पलीकडे न्यूट्रलमध्येंही शिरे, परंतु परतीची वाट तुटलेली असल्यानें तेथेंच कोंडून राही. न्यूट्रल तुटली आहे याची ही खूण. असें सॉकेट बंद दिसलें तरी त्याच्या दोन्ही भोंकांत झटका असतो, म्हणून तें मेलें समजून त्यांत बोट किंवा पेंचकस घालणें जिवावरचें होय.

बाहेरची केबल व इन्व्हर्टर दोन्ही तोडून त्यांनीं डाव्या रांगेंतलें पहिलें सॉकेट उघडलें. चारही सॉकेटें एका माळेंत ओंवलेलीं होतीं; पहिल्यांतून दुसऱ्यास, दुसऱ्यांतून तिसऱ्यास. त्या पहिल्याच्या पोटांत काळ्या तारेचा स्क्रू ढिला झाला होता, तारेचें टोंक करपलें होतें व प्लास्टिक वितळूं लागलें होतें. घर स्थिर असतें तर हा स्क्रू दहा वर्षें जागचा हलला नसता. परंतु पुण्यापासून येथपर्यंत प्रत्येक खड्ड्यानें त्यास किंचित् फिरविलें होतें. वायरमनांनीं करपलेला भाग कापून नवें टोंक सोललें, सॉकेट बदललें, आणि न विचारतां घरांतलें प्रत्येक सॉकेट उघडून सारे स्क्रू आवळले. २०१९ च्या ऑगस्टांतील महापुराची गोष्ट त्यांनीं त्या वेळीं सांगितली. सांगलीच्या कित्येक घरांत तेव्हां प्लग पॉइंटांच्या वर पाणी चढलें होतें. "पाणी ओसरल्यावर लोक म्हणायचे, बटण दाबून बघा कीं. आम्ही म्हणायचो, आधी उघडून, वाळवून, तपासून. बटण सगळ्यांत शेवटी." एवढें बोलून त्यांनीं पेंचकस पिशवींत टाकला. नानांनीं त्यांस बसवून घेऊन चहा पाजला.

या दोन प्रसंगांचें बाह्य लक्षण एकच होतें: पॉइंट बंद. पण वाईस रक्षणासाठीं बसविलेला खटका आपलें काम चोख करीत होता, आणि सांगलीस कोणताही खटका पडला नव्हता तेव्हांच आंत आगीची तयारी चालली होती. म्हणून पडलेल्या खटक्यावर रागावूं नये, व न पडलेल्या खटक्यावर विसंबूं नये. शोधाचा क्रम दोघांनींही एकच पाळला. वीज जेथून येते तेथपासून आरंभ करावयाचा, मग केबल, मग पेटी, मग सॉकेट. उपकरणें काढून एकेक करून पाहावयाचें. आणि कांहींही उघडण्यापूर्वीं बाहेरची वीज व इन्व्हर्टर दोन्ही तोडावयाचीं. यांतील पाहण्याचा भाग कोणत्याही समजूतदार माणसास करतां येईल. पेटी व सॉकेट उघडण्याचा भाग जाणत्या वायरमनाकडेच सोंपवावा.

ज्या मंडळींस अशा घरांतून कृष्णाकांठीं जावयाचें असेल त्यांनीं भाड्यानें घर घेतांना गाद्या व पडदे पाहण्यापूर्वीं मालकास रुंद खटक्यावरचें चांचणीचें बटण दाबून दाखविण्यास सांगावें. बाहेरून वीज चालू असतां तें दाबलें कीं खटका पडलाच पाहिजे. मुक्कामाच्या जागीं अर्थिंग तपासून घ्यावें. बाहेरच्या सॉकेटाच्या झांकणाचें रबर पाहावें. आणि घरांत कोणाचा श्वास किंवा औषध विजेवर अवलंबून असेल तर त्या यंत्रापुरती वेगळी भरलेली बॅटरी बरोबर ठेवावी. आमच्या काकूंनीं सांगलीच्या बाजारांत हळद व बेदाणा घेण्यापूर्वीं पहिली खरेदी हीच केली. परतीच्या दोन्ही रात्रीं ती नानांच्या उशाशीं होती.